बाबांची टाच आणि तिरकं लेबल

प्रिय मुंगे,

गेल्या रविवारी तू फोन ठेवला नाहीस, आपटलास. आपटायच्या आधी म्हणालीस, "बाबा, तुमची नात सात आठवड्यांची झाली आणि तुम्ही अजून तिचं तोंडही पाहिलं नाही. बसा आता तुमची टाच कुरवाळत." मी पुढची दोन मिनिटं बंद फोन कानाला लावून उभा होतो. तुझी आई भाजी निवडत होती, तिनं विचारलं, काय म्हणते लेक? मी म्हटलं, टाचेची चौकशी करत होती. अगदीच खोटं नव्हतं ते! पण तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गेले सात महिने मी तुझ्याशी टाच सोडून दुसऱ्या कशावरही बोललेलो नाही. बाळानं पहिली लाथ मारली ते तू सांगितलंस, तर मी तुला बर्फाची पिशवी टाचेला किती मिनिटं लावायची ते सांगितलं. तू म्हणालीस, रात्री कुशी बदलता येत नाही, तर मी म्हणालो, पायरीवर उभं राहून टाच वरखाली करणं फार कंटाळवाणं असतं. जावईबापूंनी तर माझं नावच टाचवाले सासरे ठेवलंय, हे आईनं मला सांगितलंय. असा बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये असं तुला वाटलं असेल, तर त्यात तुझी काही चूक नाही. हे पत्र त्याच सात महिन्यांबद्दल आहे. आणि चिडू नकोस, पण सुरुवात टाचेपासूनच करावी लागणार आहे.

तुला आठवत असेल, मी दुकान विकलं आणि हातात वेळ आला तेव्हा धावायला लागलो. औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभं राहिलेला माणूस एकदम नदीकाठानं पळताना बघून ओळखीचे लोक थांबून विचारायचे, काय झालं, कुणाला बरं नाही का? पण मला धावणं लागलं. लागलं म्हणजे व्यसन लागावं तसं. सकाळी पुलापर्यंत आणि परत. एके दिवशी परतताना उजव्या टाचेच्या वरच्या शिरेत अशी कळ आली की बाकावर बसून मी रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्याची काठी मागणार होतो. तो माझ्याहून तरुण निघाला असता, म्हणून गप्प बसलो. दुकान विकल्यावर मी इस्पितळात बाटल्या भरायची नोकरी धरली होती, तिथं तसाच लंगडत कामावर गेलो. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून दिवसभर बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून बाटल्यांना लेबलं चिकटवली. हे बगळ्याचं लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आमच्या इस्पितळात तळमजल्यावर व्यायामोपचाराचा विभाग आहे. तिथं तेव्हा नेमका जखमी धावणाऱ्यांवर अभ्यास सुरू होत होता. शंभरएक लंगडे गोळा करायचे. निम्म्यांना सांगायचं, बारा आठवडे धावणं पूर्ण बंद. निम्म्यांना सांगायचं, हळूहळू धावत राहा, पण दुखणं अमुक आकड्यापुढं गेलं की थांबा. आणि बघायचं, कोण लवकर बरं होतं. तिथल्या बाई सतत गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरतात, म्हणून आम्ही सगळे लंगडे त्यांना मोजपट्टीबाई म्हणतो. त्यांनी माझ्यापुढं बंद पाकिटांची पेटी धरली आणि मी एक उचललं. आत निघालं, धावणं बंद. माझं तोंड असं पडलं की त्या म्हणाल्या, "काका, रडू नका, कुठला गट बरा हे मलाही माहीत नाही. माहीत असतं तर हा उपद्व्याप कशाला केला असता?" मग एक वही दिली. रोज संध्याकाळी तिच्यात शून्य ते दहामधला दुखण्याचा आकडा लिहायचा, आणि चुकून धावलोच तर किती आणि का ते लिहायचं. बाजूच्या खुर्चीवरच्या एका पोस्टमनला 'हळूहळू धावा' निघालं होतं. त्याच्याकडं मी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं दूध नासलं असतं.

आता माझ्या कामाचं. तुला वरवर माहीत आहे, पण जरा नीट सांगतो. दुसऱ्या मजल्यावर माझी पॅकिंगची खोली. गरोदरपणात नेहमीच्या लोहाच्या आणि इतर गोळ्या तर प्रत्येकीला मिळतातच. त्यांच्या जोडीला आणखी एक पूरक दिलं तर आईचा थकवा कमी होतो का, बाळाचं वजन वाढतं का, हे आमच्या मोठ्या मॅडमना शोधायचं होतं. एकशे साठ बायका, तीन शहरांतली तीन इस्पितळं. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये खरं पूरक, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये निव्वळ पिठूळ भुकटी. रंग तोच, वजन तेच, वास तोच. कुठल्या नंबरच्या बाटलीत काय भरायचं याची यादी फक्त माझ्या कुलपात. लाल ट्रेमधून खरं, निळ्या ट्रेमधून पोकळ. पण कुठली बाटली कुठल्या बाईकडं जाते हे मला कळता कामा नये, आणि बाटलीत काय आहे हे त्या बाईला, तिच्या नर्सला, डॉक्टरला, कुणालाच कळता कामा नये. कळलं की माणूस आशेनंच बरं वाटून घेतो नाहीतर उगाच खचतो, आणि मग मोजलेलं सगळं पाण्यात जातं.

मला हे काम आवडलं कारण ते माझ्या स्वभावाचं आहे. तू चार वर्षांची होतीस तेव्हा दुकानाच्या काउंटरवर बसून रिकाम्या कॅप्सूलांची रांग लावायचीस, एकामागे एक, भिंतीपर्यंत. त्यावरूनच तुला मुंगी म्हणायला लागलो. एकदा तू एका रिकाम्या डबीवर 'खोकला' असं लेबल लावून आत शेंगदाणे भरलेस, आणि मी तुला आयुष्यात पहिल्यांदा रागावलो. लेबलावर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, मुंगे, नाहीतर औषधवाल्यानं दुकान बंद करावं. तू शेंगदाणे खाऊन टाकलेस आणि म्हणालीस, आता आत काहीच नाही, आता काय लिहू?

तर तुझा फोन आला, तू आई होणार आहेस आणि तुझ्या शहरातल्या इस्पितळात तू आमच्याच अभ्यासात नाव दिलंस. मला कोण आनंद झाला! मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, एकशे साठांतली एक, नंबर विचारू नका म्हणजे झालं. मी कशाला विचारतोय? मी विचारलं नाहीच. चौथ्या दिवशी सकाळी तूच नाश्त्याच्या टेबलाचा फोटो पाठवलास. पाव, चहाचा कप, तुझ्या नकाशांची गुंडाळी, आणि मधोमध बाटली. खाली लिहिलंस, "बाबा, तुमच्या खात्यात लेबलं कोण चिकटवतं? एवढं तिरकं लेबल मी माझ्या नकाशावर लावलं असतं तर साहेबांनी मला घरी पाठवलं असतं." नंबरावर तुझा अंगठा होता. पण मला नंबराची गरजच नव्हती. एकशे साठ बाटल्यांत तिरकं लेबल एकच. त्या दिवशी एका पायावर उभा असताना माझा तोल गेला होता. लेबल सोलायला गेलो असतो तर फाटलं असतं, म्हणून रजिस्टरात स्वतःच्या हातानं नोंद केली होती: क्रमांक एकशे त्रेचाळीस, लेबल तिरकं, स्वीकारलं.

एकशे त्रेचाळीस म्हणजे निळा ट्रे.

मी फोन खिशात टाकला आणि तडक मॅडमच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसल्या, मग गंभीर झाल्या. त्याच दिवशी नोंद झाली आणि यादीची किल्ली माझ्याकडून दुसऱ्या फार्मासिस्ट बाईंकडं गेली. मॅडम म्हणाल्या, "काका, ते पूरक चांगलं आहे असं कुणाला माहीत आहे का? उपयोग नसेल, कदाचित त्रासच होत असेल. तुमच्या मुलीचं काही हुकलंय असं समजू नका. फक्त तिला कळू देऊ नका. तिला कळलं तर तिला अभ्यासातून बाहेर काढावं लागेल." डोक्याला सगळं पटलं. मी स्वतः शंभर जणांना हेच समजावलंय. पण डोकं औषधवाल्याचं होतं, मुंगे, आणि काळीज बापाचं. तुझ्या बाटलीत भुकटी भरणारे हात माझे होते. जगातल्या सगळ्या बायकांत नेमकी माझीच लेक रोज सकाळी विश्वासानं पाणी पिऊन माझ्या हातचं पीठ गिळणार होती.

आठवडाभर मी तसाच काढला. मग तू फोनवर म्हणालीस की जिना चढताना दम लागतो. झालं! मी बाहेरच्या दुकानातून तेच पूरक विकत आणलं, खरं, सीलबंद. खोक्यात घातलं, चिठ्ठी लिहिली की हे रोज एक घे आणि कुणाला सांगू नकोस. पोस्टाची खिडकी पाचला बंद होते आणि घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. मी धावलो. धावणं बंद असलेल्या गटातला माणूस, दुखरी टाच घेऊन, बगलेत पार्सल मारून, भर रस्त्यानं धावलो. एका दमात दोन अभ्यासांचं वाटोळं करणारा जगात मी एकटाच असेन. खिडकीतल्या बाईनं पार्सलाचा फॉर्म पुढं सरकवला. त्यात एक रकाना होता, आतील वस्तू. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'मोजे'. लिहिलं आणि तसाच बघत राहिलो. आख्ख्या आयुष्यात, मुंगे, मी पहिल्यांदा एका डब्यावर आत नसलेली वस्तू लिहिली होती. मला तुझे ते शेंगदाणे आठवले. बाई म्हणाली, काका, लवकर करा, बंद करायचंय. मी म्हटलं, एक मिनिट, आतली वस्तू बदलायची राहिलीय. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की सांगता सोय नाही. पोस्टाशेजारी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. तिथून बाळाचे मोजे घेतले, सहा जोड, आणि बाटली आणि चिठ्ठी खिशात परत; पार्सल दुसऱ्या दिवशी गेलं.

म्हणजे आता तुला कळलं ते मोजे कुठून आले. तू फोन करून म्हणाली होतीस, "बाबा, चौथा महिना चालू आहे, हे मोजे दोन वर्षांच्या मुलाचे आहेत आणि चिठ्ठीही नाही. तुमचं बरं चाललंय ना?" मी म्हटलं, टाच फार दुखतेय गं. आणि त्या दिवशी ती खरंच दुखत होती. पोस्टाकडं धावलो त्या संध्याकाळी वहीत लिहिलं होतं: धावलो, अंदाजे सहाशे पावलं, कारण खाजगी, दुखणं सात. मोजपट्टीबाईंनी ते वाचलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. त्या म्हणाल्या, "नियम मोडून लिहिणारा मला चालतो, काका. मोडून लपवणारा नाही चालत. लपवलेल्या आकड्याचं मी काय करू?" मी मान डोलावली. खिशात ती बाटली तशीच होती.

तेव्हा मी ठरवलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे. आईसाठी शिलाई मशीन लपवून आणलं होतं, तेव्हा मी दिवसभर त्या कपाटाला पाठ लावून उभा राहिलो आणि संध्याकाळी तिनंच विचारलं, कुठल्या रंगाचं आहे? आणि तू तर लहानपणापासून माझा चेहरा वाचत आलीस. परीक्षेचा निकाल मी सांगायच्या आधी तुला माझ्या भुवयांवरून कळायचा. तुला कसं वाटतंय असं मी एकदा जरी विचारलं असतं आणि तू थकले म्हणाली असतीस, तर पुढच्या श्वासाला माझ्या तोंडून निळा ट्रे बाहेर पडला असता. इकडे आड, तिकडे विहीर. मग लपायला जागा एकच होती, माझी टाच. तिच्या आड मी सात महिने बसलो. बाळाचा विषय निघाला की टाच पुढं करायची. आईलाही ताकास तूर लागू दिली नाही, कारण आईला सांगणं आणि तुला सांगणं यात फार तर चहा उकळेपर्यंतचं अंतर.

नात झाली त्या सकाळी जावईबापूंचा फोन आला तेव्हा मी पॅकिंगच्या खोलीत होतो. वजन किती, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, तर बिचाऱ्यांनी आपणहून सांगितलं. मी फोन ठेवून खुर्चीवर बसलो आणि त्या वजनाला निळ्या ट्रेनं भागायचा प्रयत्न करत राहिलो. मग स्वतःलाच म्हटलं, वेड्या, तुला नात झालीय! आई दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडं आली. मी आलो नाही, कारण बाळाची सहाव्या आठवड्याची तपासणी आणि तुझा शेवटचा प्रश्नांचा फॉर्म बाकी होता. आई महिनाभर राहून परत आली आणि तिनं मला रोज एक वेगळा टोमणा मारला. एकही चुकीचा नव्हता.

काल दुपारी मॅडमच्या खोलीत यादी उघडली. तिन्ही इस्पितळांतल्या सगळ्या बायकांची मोजमापं हाती आली होती. आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांनी कागद वाचून दाखवला: लाल आणि निळा, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. थकव्यातही नाही, बाळांच्या वजनातही नाही. निदान आमच्या या एवढ्याशा अभ्यासात तरी नाही. डोंगर पोखरून उंदीर निघाला, पण मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, एक जादा गोळी तरी बायकांच्या ताटातून कमी होईल. मी मात्र उठून जिन्यात गेलो आणि तिथं उभा राहून आधी हसलो आणि मग रडलो. सात महिने मी ज्या गोष्टीपायी झुरलो, तिच्यात काही नव्हतंच. तुझ्या बाटलीत काही नव्हतं आणि शेजारणीच्या बाटलीतल्या वस्तूनंही काही केलं नव्हतं. तुझी मुलगी तुझ्या अंगावर वाढली, तुझ्या जेवणावर, तुझ्या हट्टावर.

परवा तुला इस्पितळातून एक छापील पत्र येईल, त्यात तुझा गट लिहिलेला असेल. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आज लिहितोय. मॅडमनी परवानगी दिली आहे. मी तुझ्यापासून लपवलं याचा राग आला तर ये माझ्या अंगावर हक्कानं, मी ऐकून घेईन. पण आता एक खोटं लेबल राहिलंय, तेही सोलून टाकतो. माझी टाच बरी होऊन साडेतीन महिने झाले. वहीत शून्य लिहायचो आणि तुला फोनवर सात सांगायचो. बारा आठवडे संपल्यापासून मी रोज पुलापर्यंत धावतोय, आणि तुझ्या आईनं मला दोनदा पकडलंय. मोजपट्टीबाईंच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढचं ध्येय काय असा प्रश्न आहे. मी लिहिलं: स्टेशन ते लेकीचं घर, अडीच किलोमीटर, न थांबता. त्यांनी त्याखाली सही केली. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतोय. बरोबर सहा जोड मोजे आणतो, या वेळी मापाचे. आणि सात महिन्यांचे प्रश्न साठलेत, एका दमात विचारणार आहे. उलट्या कधी थांबल्या? जिन्यावर दम लागायचा, तेव्हा कुणी हात धरायचं का? पहिली लाथ कुठल्या बाजूला मारली? रात्री कुशी बदलता येत नव्हती, तेव्हा काय करायचीस? मुलीचं नाक कुणासारखं आहे? तू दार उघडायला स्वतः ये. मी धापा टाकत असेन, लगेच बोलता येणार नाही. तोवर चेहऱ्यावर काय दिसतं ते खुशाल वाच.

तुझाच, दोन्ही टाचा शाबूत असलेला,
बाबा